तपासणी पूर्ण, गोळी बंद : करवीर तालुक्यातल्या एका गावाचं बीपी प्रकरण

पार्श्वभूमी

गाव करवीर तालुक्याच्या पश्चिम भागातलं, भोगावतीच्या काठचं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही, काही तपशीलही बदलले आहेत. बाकी गाव त्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावासारखंच. नदीपर्यंत ऊस, दारात म्हशी, एक जुनी तालीम, दोन दूध संस्था, आणि उजाडायच्या आत डबा घेऊन गोकुळ शिरगाव नाहीतर शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारी तरणी पोरं.

गावात उपकेंद्र आहे. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी हिशोब. उपकेंद्रावर आता आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी आहे. लोक ‘सबसेंटर’च म्हणतात. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी सीएचओ मॅडम, एक आरोग्यसेविका, एक आरोग्यसेवक आणि आशाताई.

बीपी, शुगर, कॅन्सर, लकवा यांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (सवयी आणि लक्षणं विचारून धोका ओळखायचा कागद) भरायचा, बीपी-शुगर बघायची, तंबाखूचं विचारायचं, तोंड उघडून आत बघायचं. या गावाचं हे काम कागदावर चोख होतं. आढावा बैठकीत तपासणीची टक्केवारी वाचली गेली की या उपकेंद्राकडे बोट दाखवून बाकीच्यांना ऐकवलं जायचं. गंमत अशी की त्याच वर्षी गावात एकामागून एक माणसांच्या अंगावरून वारं जात होतं.

अडचण

तात्या (नाव बदललेलं) पन्नाशी ओलांडलेले, एकेकाळी तालमीत घुमलेले, आता ऊस आणि चार म्हशी. एका सकाळी डेअरीत दूध घालताना त्यांच्या हातातली किटली सुटली. तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. भोवतालच्यांनी गाडी काढली ती शेजारच्या तालुक्यात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे. तिथून घरी, घरातून दुपारनंतर कोल्हापूर. सीटी स्कॅनमध्ये रक्तवाहिनीत गुठळी दिसली, पण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ती वेळ गाडीतच गेली होती.

आठवड्याभराने सीएचओ मॅडमनी रजिस्टर काढलं. तात्यांचं नाव त्यात होतं. काही महिन्यांपूर्वीच्या शिबिरात बीपी १७२/१०४, अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमची पंधरा दिवसांची पट्टी दिली, आणि पुढच्या रकान्यात ‘तपासणी पूर्ण’. त्यानंतर काही नाही. घरी गेल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘गोळ्या संपल्या तवा त्यास्नी काय बी हुईत न्हवतं. म्हटलं, उतरलं असंल बीपी.’’

माझ्या मते सगळं प्रकरण या एका वाक्यात आहे. बीपी दुखत नाही. ते चढलेलं कळत नाही, उतरलेलं कळत नाही, आणि गोळी थांबवल्यावर परत चढलेलं तर अजिबात कळत नाही.

मग आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि मॅडमनी रजिस्टर वेगळ्या नजरेनं वाचलं. ज्यांचं बीपी जास्त सापडलं, त्यांपैकी तिसऱ्या महिन्यात गोळी घेणारे किती? मोजकेच निघाले. काहीजण शहरातल्या खाजगी डॉक्टरकडून गोळ्या आणत होते आणि त्यांचं बरं चाललं होतं, पण रजिस्टरला तेही ठाऊक नव्हतं. उरलेल्यांच्या दारात आशाताई जाऊन आल्या. कारणं ऐकून कुणालाही नवल वाटणार नाही, तरी ती कुठेच नोंदलेली नव्हती. पंधरा दिवसांची पट्टी संपली की पुढची आणायला ओपीडीच्या वेळेत आरोग्य केंद्र गाठायचं, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. गेलं तर कधी गोळीच शिल्लक नाही. कुणाचे पाय सुजले. अॅम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, पण ते आधी कुणी सांगितलं नव्हतं. एका बाईने नवरात्रात गोळी सोडली होती, कारण उपासाला चालते का हे विचारायचं राहून गेलं. आणि बहुतेकांच्या तोंडी एकच धास्ती: एकदा सुरू झाली की सुटत नाही, मग सुरूच कशाला करा.

समोरचे पर्याय

ग्रामपंचायतीत बैठक झाली. सरपंचांचं म्हणणं साधं होतं. ‘‘मॅडम, एक दांडगं शिबिर लावू. कोल्हापूरचे डॉक्टर आणा, मांडव-जेवण माझ्याकडं लागलं.’’ यात वाईट हेतू काही नव्हता. गावात लकव्याची भीती बसली होती आणि शिबिर दिसतं, फोटो निघतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी उलट विचारलं, ‘‘मागच्या शिबिरात सापडलेली माणसं रजिस्टरात पडून आहेत. नवी सापडली तर ठेवायची कुठं?’’

दुसरा विचार होता फक्त धोक्याच्या माणसांमागे लागायचा. ज्यांचं बीपी १८०च्या पुढे, ज्यांना शुगरही आहे, ज्यांना आधी एकदा झटका येऊन गेला आहे, त्यांची यादी करून प्रत्येकाला धरून ठेवायचं. माणसं कमी, काम आटोक्यातलं. पण ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे आडवी येते. फार मोठा धोका असलेली माणसं थोडी असतात आणि मध्यम धोक्याची पुष्कळ, त्यामुळे एकूण आजारांतला मोठा वाटा या मधल्या गर्दीतून येतो. चाळीस ते एकोणसत्तर या वयात बीपीचा वरचा आकडा २० ने वाढला की लकव्याने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण १४०ला सुरू होत नाही, त्याच्या बरीच आधी होते. गावात १८०वाले बोटावर मोजण्याइतके, १४५-१५०वाले गल्लीगल्लीत. त्यांना ‘थोडंसंच आहे’ म्हणून सोडलं तर पुढचे तात्या त्यांतूनच येणार.

तिसरा पर्याय सगळ्या गावाचं मीठ आणि तंबाखू कमी करायचा. ३२ देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात लकव्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग दहा कारणांशी जोडता आला. त्यात बीपी सर्वांत वर. बाकी धूम्रपान, आहार, बैठेपणा, पोटाचा घेर, शुगर, दारू वगैरे. म्हणजे दिशा बरोबर होती. पण गावाची जीभ वर्षभरात बदलत नाही, आणि कोल्हापुरात तर नाहीच.

चौथा पर्याय मिठाची पुडीच बदलायचा. पोटॅशियम मिसळलेल्या कमी सोडियमच्या मिठाचा चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर प्रयोग झाला, २०२१ मध्ये निकाल आला, आणि लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये असं मीठ वापरण्याची सशर्त शिफारस केली. बचत गटामार्फत ते गावात आणावं, असं आरोग्यसेवकाने सुचवलं. डॉक्टर अडले. किडनीचा त्रास असलेल्यांना हे मीठ धोक्याचं, कारण त्यांच्या अंगात पोटॅशियम साठतं, आणि टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळीही पोटॅशियम वाढवते. गावात किडनी बिघडलेली माणसं किती, हे तपासलेलंच नव्हतं. घरात चूल एक, मीठ एक. सासऱ्याची किडनी वेगळी म्हणून त्यांची आमटी वेगळी कोण करणार? शिवाय ते मीठ महाग. हा पर्याय बाजूला ठेवला गेला. तो कायमचा सोडायला नको होता असं मला वाटतं, पण त्या वेळी तरी निर्णय बरोबर होता.

पाचवा पर्याय सगळ्यांत बिनचेहऱ्याचा: गोळी तुटू द्यायची नाही. त्याच्यावर फोटो निघत नाही. शेवटी तोच पहिला धरला, मीठ-तंबाखू त्याच्या मागोमाग, आणि शिबिर नाही.

काय केलं

पहिला बदल रजिस्टरात झाला, आणि तोच सगळ्यांत जड गेला. आतापर्यंत ‘किती तपासले’ मोजत होते. आता मोजायचं ठरलं की नोंद झालेल्या सगळ्या बीपीच्या रुग्णांपैकी गेल्या तीन महिन्यांत कितीजणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे. जो आलाच नाही, तो ‘आटोक्यात नाही’ मध्येच धरायचा. देशात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची पद्धत याच धर्तीची आहे. पण असं मोजल्यावर पहिल्या नंबरचं उपकेंद्र एका फटक्यात खाली आलं. आढावा बैठकीत डॉक्टरांना विचारणा झाली. त्यांनी आकडा मागे घेतला नाही. आशाताईंचाही प्रश्न होता, आणि रास्त होता: फॉर्म भरल्याचं मानधन मिळतं, पण गोळी संपलेल्या माणसाच्या दारात तिसऱ्यांदा गेल्याचं काय? याचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नव्हतं. घरं चौघींत नव्याने वाटून चालण्याचं अंतर कमी केलं, एवढंच झालं.

दुसरा बदल औषधांचा. मागणी ‘मागच्या महिन्यात किती खपल्या’ यावर जायची. गोळ्या नव्हत्या म्हणून कमी खपल्या, कमी खपल्या म्हणून मागणी कमी, असा तो फेरा. आता नोंद झालेल्या रुग्णांच्या संख्येवरून मागणी केली आणि एका महिन्याचा साठा हाताशी ठेवला. तुटवडा आला तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घ्यायचं ठरलं. जेनेरिक अॅम्लोडिपिनची महिन्याची गोळी एका मिसळीच्या पैशात येते. पैशासाठी अडायचं काम नव्हतं, अडत होतं ते कागदासाठी. उपचाराची पायरी सगळ्यांना एकच: आधी अॅम्लोडिपिन, बीपी उतरलं नाही तर जोडीला टेल्मिसार्टन, तरी नाही तर तिसरं लघवी वाढवणारं औषध. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना गरोदरपणाचं विचारल्याशिवाय टेल्मिसार्टन नाही. सुरुवात डॉक्टर करणार, प्रत्यक्ष नाहीतर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून. त्यानंतरची तीस दिवसांची पट्टी उपकेंद्रातच.

तिसरा बदल जागेचा. कामाच्या वयातले पुरुष उपकेंद्रात येत नाहीत, पण डेअरीला रोज येतात. दूध संस्थेच्या सचिवांना विचारलं तर ते हसून म्हणाले, ‘‘ह्यांना म्हशीचं फॅट पॉइंटात माहीत हाय. स्वतःचं बीपी इचारा की!’’ त्यांनी पशुखाद्याच्या पोत्यांशेजारची जागा दिली. बुधवार ठरला.

इथे खरी फजिती यंत्राची झाली. माणूस किटली उचलून चालत आलेला, दारात चहा झालेला, गालात तंबाखू, आणि वर रांगेतला भांडणतंटा. अशाचं बीपी जास्तच येणार. नियम सोपा आहे: अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, दोनदा मोजायचं. पण दूध घालायच्या आधी कुणी पाच मिनिटं बसत नाही, नंबर जातो. दूध घातल्यावर बसत नाही, धार राहिलेली असते. शेवटी असं ठरलं की डेअरीतला आकडा फक्त चाळणीसाठी. तिथे जास्त आलं तर चिठ्ठी, आणि पक्कं निदान वेगळ्या दिवशी उपकेंद्रात.

तरीही तालमीतल्या माणसांचं बीपी उपकेंद्रातही सारखं जास्त यायचं. एका पस्तिशीतल्या पैलवानाला गोळी सुरू होणार, तेवढ्यात आरोग्यसेविकेने त्याच्या दंडाकडे बघितलं. नेहमीचा पट्टा कसाबसा वेढा घेत होता. लहान पट्टा जाड दंडावर बांधला की आकडा खोटा चढतो. मोठा पट्टा मागवला, पुन्हा मोजलं, गोळीची गरज नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्रात मोठा पट्टा असायलाच हवा, हे या प्रकरणातून निघालेलं सगळ्यांत स्वस्त शहाणपण.

बोलण्याचाही ढंग बदलला. ‘आयुष्यभर घ्यावी लागेल’ हे लपवायचं नाही, पण नुसतं तेवढंच सांगायचं नाही. मॅडम डेअरीत सांगायच्या, ‘‘मामा, पेंड बंद केली की चार दिवसांत दूध घटतं, तुम्हाला लगेच कळतं. गोळी बंद केलेली कळतच नाही, म्हणून मी मोजते.’’ पाय सुजले तर गोळी स्वतःहून सोडू नका, या, आपण बदलू. उपास असला तरी गोळी पाण्याबरोबर घ्यायची. या दोन वाक्यांनी जेवढी माणसं टिकली तेवढी एखाद्या भाषणाने टिकली नसती.

मिठाचं काम बचत गटाकडे गेलं. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. पण ग्रॅम कोण मोजतं? म्हणून पुडीचा हिशोब काढला. पाच मोठ्या माणसांच्या घरात किलोची पुडी निदान चाळीस दिवस जायला हवी. ‘‘चाळीस? पंधरवडा बी निघंना,’’ असं एकीने सांगितलं आणि बाकीच्या हसल्या. मग लक्षात आलं की त्यातलं मूठभर म्हशीच्या आंबोणातही जातं, तेव्हा हिशोबाला थोडी सूट द्यावी लागली. चटणीवर बराच खल झाला. उन्हाळ्यात कांडपावर केलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी मिठाशिवाय टिकत नाही, तिला हात लावायचा नाही. पण भाजीत चटणी घातल्यावर वरून पुन्हा मीठ पडतं, तेच अर्धं करायचं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला कुणी शिवलं नाही, जत्रेच्या दिवशी तर नावच काढायचं नाही असं बायकांनीच बजावलं. पापड-लोणचं दोन्ही एकाच ताटात नको, एवढ्यावर मात्र एकमत झालं.

मिश्रीचा विषय त्याच बैठकीत निघाला आणि तिथेच थांबला. दात घासायला म्हणून घेतलेली मिश्री दिवसातून चार वेळा लागते, हे सगळ्यांना माहीत, सासूसमोर कबूल कोण करणार?

आणि लकवा आलाच तर काय, हे डेअरीच्या भिंतीवर रंगवलं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन, आणि माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवा. आपल्या मनाने रक्त पातळ करायची गोळी द्यायची नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

काय झालं

लकव्याची संख्या घटली असं म्हणता येणार नाही. एका गावात वर्षाला होणारे लकवे इतके थोडे असतात की एक-दोन कमी-जास्त झाले तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. जे मोजता येतं ते बदललं. गोळी सलग घेणारे वाढले, आणि बीपी आटोक्यात असलेल्यांचा वाटा तिमाहीगणिक चढत गेला. खाजगी डॉक्टरकडे जाणाऱ्यांचे आकडेही आशाताई कार्डावर उतरवून घेऊ लागल्या. सुगीच्या महिन्यात घसरण झाली, नंतर भरून निघाली.

पुढे गावातल्या एका आजींचं बोलणं सकाळी अचानक अडखळलं, तेव्हा नातवाने झाडपाल्याचा विषय निघायच्या आत १०८ लावली. त्यांना वेळेत इंजेक्शन मिळालं. त्या रोज गोळी घेत होत्या, तरी लकवा आला. गोळी धोका कमी करते, शून्य करत नाही, हेही त्यानिमित्ताने गावाला सांगावं लागलं.

तात्या काठी घेऊन चालतात, उजव्या हाताने किटली उचलत नाहीत. गोळी चुकवत नाहीत.

पुडीच्या हिशोबाचं काय झालं ते नीट सांगता येत नाही. काही घरांत पुडी जास्त दिवस जाऊ लागली, असं बायका सांगतात. सांगण्यावर किती विसंबायचं?

वेगळं काय करता आलं असतं

खाजगी डॉक्टरांना पहिल्याच बैठकीत बोलवायला हवं होतं. गावातल्या आणि फाट्यावरच्या दवाखान्यांत वेगवेगळ्या नावांनी तीच औषधं दिली जातात, रुग्ण इकडून तिकडे जातो आणि कधी दोन्हीकडच्या गोळ्या एकदम घेतो. त्यांना सोबत घेतलं असतं तर कार्ड एकच राहिलं असतं. सरकारी यंत्रणेला यात उगाच संकोच वाटतो.

किडनीची तपासणी, निदान शुगरवाल्यांची, सुरुवातीलाच करून घेतली असती तर कमी सोडियमच्या मिठाचा पर्याय नुसत्या शंकेवर बंद झाला नसता. निम्म्या घरांत तरी तो चालला असता.

एमआयडीसीतली पोरं निसटली. ती डेअरीला येत नाहीत, दूध म्हातारी माणसं घालतात. तिशीत चढलेलं बीपी पंचेचाळिशीत लकवा होऊन दिसतं, म्हणजे नेमका हाच गट हातचा गेला. संध्याकाळी तालमीत एक बाकडं टाकलं असतं तर त्यातले बरेच सापडले असते, मोठा पट्टा तर आता आहेच.

आणि ऊसतोड मजूर. हंगामात गावाच्या शिवारात खोपी पडतात, त्यातली बरीच माणसं मराठवाड्यातून येतात. ती उपकेंद्राच्या यादीत नाहीत, कारण यादी गावच्या कुटुंबांची. खोपीतल्या एका मुकादमाच्या बायकोचं बीपी आशाताईने सहज म्हणून मोजलं, ते फार चढलेलं निघालं, गोळी सुरू झाली, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, ती माणसं निघून गेली. तिकडे तिला गोळी मिळाली की नाही, कुणालाच माहीत नाही. यंदा पट्टा पडायच्या आधी खोपींवर जाऊन दोन महिन्यांच्या गोळ्या आणि कार्ड हातात द्यायचं, हे आरोग्यसेवकाच्या कामात लिहून ठेवलं आहे. पण ट्रॅक्टर कुठल्या रात्री सुटणार हे मुकादमालाच ठाऊक असतं, आणि मुकादमाशी अजून कुणी बोललेलं नाही.